काढणाऱ्याचं पहिलं ताट

आज सकाळी परसात ती जाळीवाली पुन्हा उभी होती. पपयीच्या बुंध्याशी, काल संध्याकाळपर्यंत जिथं नुसता चिखल होता तिथं, वीतभर उंच पांढरा दांडा, माथ्यावर शेवाळी रंगाचं चिकट टोपरं आणि टोपऱ्याखालून जमिनीपर्यंत सोडलेला क्रोशाच्या विणीचा झगा. दिसायला नवरी, वासाला मेलेला उंदीर. माश्यांनी तर लग्नघरासारखी गर्दी केली होती. मी हातातली बाल्दी खाली ठेवली, फोन काढला, वाकून फोटो घेतला. फोनने जरा वेळ चक्र फिरवलं आणि तीन नावं दिली. तिन्ही लांबलचक, तिन्ही लॅटिन. मी ती वाचली आणि फोन परत खिशात टाकला, कारण ती ज्याला सांगून चिडवावं असं माणूस आता घरात नाही.

श्रावण लागला की आमच्या परसात असं काहीबाही उगवतं. काही वर्षांपूर्वी तोडलेल्या आंब्याच्या खुंटाला काळी बोटं फुटतात, पाचसहा एका जागी, पेरांसकट. न्हाणीमागच्या कुजक्या फळीवर शर्टाच्या बटणाएवढ्या वाट्या येतात आणि प्रत्येक वाटीत मसुरीएवढी चारपाच अंडी. शेवग्याच्या मेलेल्या फांदीवर कान लागतात, थंडगार, मऊ, पाळीसुद्धा असलेले. त्या कानांना हात लावायची मला अजून भीती वाटते आणि तरी रोज मी एकदा तरी हात लावते. मी हायस्कुलात कारकून आहे. उभं आयुष्य रजिस्टरात नावं लिहिण्यात गेलं. ज्याला नाव नाही असं काही दारात उभं राहिलं की मला चैन पडत नाही, एवढंच त्याचं कारण असेल.

हे सगळं येतं कुठून, तर मातीतून. आमचं घर साखळी गावाच्या बाहेर, एका जुन्या शेताच्या तुकड्यावर आहे. घर बांधताना खोलगट जागा भरायला नवऱ्याने खाणीवरची माती आणली. तेव्हा तो खाणीच्या ट्रकांवर देखरेखीला होता, त्यामुळे माती हवी तेवढी मिळाली. कुठल्या डोंगराचं पोट उकरून आलेली ती माती, तिच्यात कुणाची मुळं, कुणाच्या झाडांचे ओंडके दडलेले, देव जाणे. त्या मातीत तुळस रुजायला दोन वर्षं लागली. बुरशीला काही अडचण आली नाही. फक्त मागच्या कोपऱ्यात, काजूच्या झाडाखाली, शेताचा जुना बांध होता तेवढा भराव पडायचा राहिला. तेवढीच काय ती या जागेची स्वतःची माती.

अण्णा आमच्याकडे राहायला आले तेव्हा त्यांनी पहिल्याच दिवशी परसभर फिरून काठीने माती टोचून पाहिली होती. अण्णा म्हणजे माझे वडील. जन्म धारगळचा, हयात धारगळची. आई गेली, मग हायवे रुंद झाला तेव्हा घराचा पुढचा भाग गेला, आणि उरलेल्या अर्ध्या घरात एकटा म्हातारा ट्रकांचे आवाज ऐकत बसलेला मला बघवेना. मुलीच्या घरी जाऊन राहणं त्यांच्या पिढीला जड. आले, पण पाहुण्यासारखे आले. परसात माती टोचून झाल्यावर मला म्हणाले, "ही माती खंयची गो?"

मी म्हटलं, "खाणीवयली."

"म्हणजे खंयचीच न्हय," ते म्हणाले आणि हातपाय धुवायला गेले.

धारगळला असताना अण्णांना श्रावणात सगळा वाडा विचारायला यायचा. अळंब्यांना आम्ही अळमी म्हणतो, आणि अळमी ओळखायची ती अण्णांनी. श्रावणात मासळी बंद, त्यामुळे अळम्यांना मान केवढा ते इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको. पण ती सगळीच खायची नसतात. खुंटावरची वेगळी, भाताच्या शितांसारखी बारीक पसरतात ती वेगळी, आणि सगळ्यांत वरची म्हणजे रोयणीवरची. रोयण म्हणजे वाळवीचं वारूळ. आमच्याकडे ती सातेरी देवी. अण्णा रोयणीपाशी जाताना पायातल्या वहाणा दूर काढायचे, एक जास्वंदीचं फूल ठेवायचे आणि मग बसून, दोन बोटांनी, हळू फिरवत एकेक अळमं वर काढायचे. मिटलेली, छत्री न उघडलेली तशीच ठेवायची. लोखंड लावायचं नाही. सागाच्या पानात बांधायची. परतताना वाटेत कुणी विचारलं, तर जागा सांगायची नाही आणि खोटंही बोलायचं नाही, नुसतं हसायचं.

आणि घरी आल्यावर शेवटची रीत. आई भाजलेल्या खोबऱ्याचं तोणाक, म्हणजे दाट रस्सा, करायची, सगळं घर वासाने भरून जायचं, आणि आम्हा भावंडांना मात्र एक थेंबही मिळायचा नाही. अण्णा एकटे पाटावर बसत. काढणाऱ्याने आधी खायचं. "काढता ताणें आदीं खावचें," ते म्हणायचे. "देवी सांभाळता, पूण परीक्षा आपणें दिवची." जेवून ते बाहेर सोप्यावर बसायचे ते दिवेलागणीपर्यंत. दुपारभर आम्ही एकेक जण जाऊन त्यांचं तोंड निरखून यायचो. काही होतंय का? रंग बदलला का? एकदा मी फार जवळ जाऊन पाहिलं तेव्हा त्यांनी डोळे फिरवून जीभ बाहेर काढली. मी किंचाळले, आई स्वयंपाकघरातून धावत आली आणि त्यांच्यावर अशी काही भडकली की दोन दिवस बोलली नाही. मग तिन्हीसांजेला ते आत येऊन म्हणत, "वाढ आता भुरग्यांक." तोवर तोणाक गार झालेलं, मसाला मुरलेला. मला अजूनही तोणाक गारच आवडतं.

आता वाचून कळतं की त्या दुपारच्या पहाऱ्यात फारसा अर्थ नव्हता. काही विषं दुसऱ्या दिवशी उठतात, कधी त्याच्याही नंतर. म्हणजे आम्ही जी सुरक्षितता ताटात घेऊन बसायचो ती केवळ एका माणसाची हिंमत होती. पण तो माणूस आमच्याआधी विषाला सामोरा जाऊन बसला आहे, हे पाहतच आम्ही वाढलो. त्याला मी काय म्हणू ते मला कुठल्याच रजिस्टरात सापडलेलं नाही.

आमच्याकडे आले त्या पहिल्याच श्रावणात अण्णा चुकले. आंब्याच्या खुंटापलीकडे गवतात मोठाल्या पांढऱ्या छत्र्या आल्या होत्या, ताटलीएवढ्या. त्यांनी वाकून पाहिलं, तोडून हुंगलं आणि त्यांचा चेहरा असा उजळला की आई गेल्यापासून मी तो तसा पाहिला नव्हता. "धारगळाक कुळागराच्या कडेर अशींच येतात," म्हणाले. कुळागर म्हणजे पोफळीची बाग. मी शंका काढली. त्यांनी शिजताना पातेल्यात चार तांदूळ टाकायला लावले. तांदूळ काळे पडले तर विषारी, ही त्यांच्या आईची खूण. तांदूळ पांढरेशुभ्र राहिले. अण्णा एकटे जेवले, खिडकीपाशी कदेलीवर, म्हणजे त्यांच्या खुर्चीवर, जाऊन बसले आणि दोन तासांत घेरी येऊन पडले. दोन दिवस सलाईन. ओकून ओकून गळून गेलेला तो म्हातारा खाटेवरून मला म्हणाला, "तन्वीन खाल्लें ना न्हय? म्हणून ती रीत."

तन्वी माझी मुलगी, तेव्हा बारावीत होती. मी मान हलवली, पण मनातून मी त्यांच्यावर भयंकर चिडले होते, आणि चिडण्यापेक्षाही जास्त घाबरले होते. डॉक्टर म्हणाले, एका गावची माणसं दुसऱ्या गावी जाऊन अशीच फसतात. डोळ्यांना ओळखीचं दिसतं आणि असतं भलतंच. तांदळाच्या खुणेवर तर ते नुसते हसले. धारगळ ते साखळी, एक बस बदलायची तेवढं अंतर. तेवढ्यात अण्णांचं सगळं आयुष्यभराचं ज्ञान निकामी झालं होतं. घरी आल्यावर नवऱ्याने सरळ सांगितलं की यापुढे परसातलं काहीही घरात शिजायचं नाही. अण्णा हो म्हणाले. त्या दिवसापासून आमच्या घरात त्यांचा शब्द कुणी पाडला नाही, फक्त मनावर घेणं बंद केलं. भाजीत मीठ किती इथपासून पाऊस कधी उघडेल इथपर्यंत, ते बोलत आणि आम्ही हं म्हणत असू.

तन्वीने माझ्या फोनवर ते बुरशी ओळखायचं ॲप तेव्हाच घालून दिलं. मला नादच लागला. रोज सकाळी फोटो काढायचे आणि अण्णांना आधी विचारायचं, मग फोनला. अण्णांना गंमत वाटायची. आमच्याकडे देवाला कौल लावतात, मूर्तीवर पाकळ्या लावायच्या आणि उजवी पडते की डावी ते पाहून देवाचं उत्तर घ्यायचं. अण्णा म्हणायचे, "लाव, लाव, फोनाक कौल लाव. उजवी दिता काय डावी?" मी नाव वाचून दाखवलं की ते तोंड भरून हसायचे. त्या काळ्या बोटांना फोनने मेलेल्या माणसाची बोटं म्हटलं तेव्हा मात्र ते हसले नाहीत. म्हणाले, "हें बरोबर सांगलें."

ज्या श्रावणासाठी हे सगळं लिहिते आहे तो त्याच्या पुढचा. पाऊस दोन दिवस कोसळून तिसऱ्या दिवशी उघडीप, ऊन, मग पुन्हा गडगडाट, असं चाललं होतं. मागच्या कोपऱ्यात काजूखाली, त्या जुन्या बांधावर, मातीचा एक उंचवटा होता. आम्ही त्याच्यावर आजवर कपडे वाळत घालायची काठी टेकवत होतो. एका सकाळी अण्णांनी मला तिकडे बोलावलं. उंचवट्याला हात लावून ते उभे होते. "रोयण आसा ही," म्हणाले. "जिती आसा गो." त्यांनी ती काठी तिथून काढवली, बांबूच्या चिव्यांचं कुंपण घातलं आणि त्या दिवसापासून आंघोळ झाली की ओल्या केसांनी जास्वंदीचं एक फूल घेऊन तिथं जायचे. जेवायच्या आधी. एकही दिवस चुकला नाही. मला हे पाठ होतं, आणि तरी त्या दिवशी ते माझ्या लक्षात आलं नाही.

त्या दिवशी रविवार होता. अण्णा सकाळी मागच्या दाराने आत आले ते अनवाणी, गुडघ्यापर्यंत चिखल, आणि दोन्ही हातांत सागाच्या पानाचं पुडकं. पुडकं त्यांनी मेजावर ठेवलं, उलगडलं. आत राखाडी छटेची पांढरी अळमी, मधोमध टोक आलेली, आणि प्रत्येकाचा देठ खाली निमुळता होत मुळासारखा लांब गेलेला. ओल्या मातीचा आणि तांदळाच्या पिठाचा वास. "मूळ पळय," ते म्हणाले, "रोयणीच्या पोटांतलें. हांगा चूक जावची ना." धारगळच्या मातीवर नव्हे, पण खाणीच्या मातीवरही नव्हे, तर या जागेच्या स्वतःच्या मातीवर ते उगवलं होतं, आणि ते त्यांनी ओळखलं होतं. मला त्यांच्या तोंडाकडे बघवेना.

तन्वी चहाचा कप घेऊन आली, पाहिलं, आणि सहज बोलून गेली, "आजोबांनी काढल्यात मगे, हांव खातलें."

तिने ते प्रेमाने म्हटलं होतं. गेल्या वर्षी आजोबांना सलाईन लागलेलं तिने पाहिलं होतं, आणि तरी म्हटलं. अण्णांनी तिच्याकडे असं पाहिलं, की त्या एका वाक्यावर ते उरलेलं आयुष्य काढतील. ते आत वळले तेवढ्यात मी फोटो काढला. फोनवर लाल पट्टी आली. नाव होतं, आणि नावाखाली लिहिलं होतं, विषारी, खाल्ल्यास जीवाला धोका. मी दुसऱ्या बाजूने फोटो काढला. पुन्हा तेच.

नवरा गावाला गेला होता. विचारायला कुणी नव्हतं, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. खरं तर विचारायला एक माणूस आत उभा होता. मी त्यांना लाल पट्टी दाखवायला हवी होती. ते चिडले असते, वाद झाला असता, कदाचित त्यांनी पुडकं उचलून फेकलं असतं. पण ते सगळं समोरासमोर झालं असतं. मी काय केलं, तर म्हटलं, "अण्णा, तुमी न्हावन घेयात, हांव तोणाक करतें."

ते न्हाणीत गेले. तन्वी तिच्या खोलीत गेली. फ्रिजमध्ये दुकानातल्या पांढऱ्या बटण अळंब्यांचं पाकीट होतं, तन्वीच्या पास्त्यासाठी आणलेलं. मी ती उभी चिरली, हातांनी फाडून लांबट केली. अण्णांची अळमी पानासकट उचलून पपयीमागच्या उकिरड्यावर टाकली आणि वर माडाच्या दोन झावळ्या ओढल्या. खोबरं चांगलं काळपट भाजलं, मसाला हात सैल सोडून घातला. तोणाकात काय आहे ते ओळखू येऊ नये, एवढ्याचसाठी मी त्या दिवशी इतका मनापासून स्वयंपाक केला. न्हाणीतून पाण्याचा आवाज यायचा थांबला, मागचं दार वाजलं, थोड्या वेळाने पुन्हा वाजलं. मी खोबरं वाटत होते.

अण्णा जेवायला बसले आणि तेव्हाच पाऊस सुरू झाला. तो रात्रभर थांबला नाही. अण्णांनी धुवट धोतर नेसलं होतं. मी तोणाक वाढलं, पोदेराचे सकाळचे दोन उंडे, म्हणजे गोल पाव, दिले. त्यांनी पावाचा तुकडा मोडला, बुडवला, खाल्ला. मी चुलीकडे तोंड करून उभी. त्यांनी सगळं ताट संपवलं, मागून घेतलं, बोटं पुसली. मग उठून खिडकीपाशी कदेलीवर बसले, काठी मांडीवर आडवी घेऊन. सव्वा वाजला होता. संध्याकाळपर्यंत ते तिथून हलले नाहीत.

दुपारभर मी भांडी घासली. जी घासलेली होती तीही घासली. बाहेरच्या खोलीत एक म्हातारा दुकानातली अळंबी खाऊन आपल्या नातीसाठी विषाची वाट पाहत बसला होता, आणि ते नाटक मी रचलं होतं. मला स्वतःची किळस आली. तीनच्या सुमाराला तन्वी त्यांच्यापाशी गेलेली मला दारातून दिसली. तिला आमच्या लहानपणाची ती गोष्ट माहीत होती. तिने वाकून त्यांच्या तोंडाशी तोंड नेलं, आणि अण्णांनी डोळे फिरवून जीभ बाहेर काढली. ती खो खो हसली. मी हसू शकले नाही.

दिवेलागणीला ते उठून आत आले. माझ्याकडे न पाहता म्हणाले, "वाढ आता तन्वीक."

तन्वीने दोनदा घेतलं. "आजोबा, एकदम फर्स्ट क्लास," म्हणाली. ते म्हणाले, "खा, खा," आणि तिचं जेवण होईपर्यंत समोर बसून राहिले. मला वाटलं, निभावलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाऊस थांबल्यावर मी टोपली आणि फावडं घेऊन मागे गेले, ती अळमी पुरून टाकायला. झावळ्या बाजूला सारलेल्या होत्या. अळमी काळी पडून पाणी पाणी झाली होती, सागाच्या पानावर फक्त काळा चिखल. पपयीच्या रुंद पानांखाली, जिथं थेट मारा नव्हता तिथं, अण्णांच्या काठीच्या रबरी बुडाचे दोन गोल ठसे होते. ओले, कडा विरघळत आलेले. आणि त्यांच्या बाजूला जास्वंदीचं एक फूल, मातीत दबलेलं. मी तिथंच उकिडवी बसले. पाऊस सुरू झाला तेव्हा ते माझ्यासमोर पावाचा पहिला तुकडा मोडत होते, आणि त्यानंतर ते घराबाहेर पडले नव्हते. म्हणजे ते इथं आले होते ते जेवायच्या आधी. आंघोळ करून, फूल घेऊन, रोयणीकडे जाताना. मागचं दार वाजलं होतं ते मी ऐकलं होतं.

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. ताटात काय आहे ते ठाऊक असून त्यांनी ते खाल्लं, मागून घेतलं, आणि संध्याकाळपर्यंत पहारा दिला. तन्वीसाठी डोळेही फिरवले. माझी लबाडी उघडी पडू नये म्हणून, की तन्वीसमोर स्वतःची पत राहावी म्हणून, की रीत एकदा सुरू केली ती पुरी करायची म्हणून? मला कळत नाही. मी कधी विचारलं नाही. त्या दिवशी सकाळी त्यांनी चहा घेतला, वर्तमानपत्र वाचलं, पाऊस ओसरेल म्हणाले. मी हं म्हटलं.

रोयणीवर फूल मात्र त्या दिवसापासून गेलं नाही. बांबूचं कुंपण एका बाजूने कलंडलं, ते तसंच राहिलं. गेल्या श्रावणात परसात पहिल्यांदा ती जाळीवाली उगवली. इतकी अजब वस्तू पाहून मला राहवलं नाही. मी अण्णांना हाताला धरून मागच्या दारापर्यंत आणलं आणि लहानपणी विचारायची तशा सुरात विचारलं, "अण्णा, हें कसलें?"

त्यांनी पाहिलं. नीट, बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "फोनाक कौल लाव." सुरात राग नव्हता, टोमणा नव्हता. रोज हसून म्हणायचे तेच शब्द, फक्त हसू गेलं होतं. आणि हात सोडवून ते आत गेले.

रोयणीवर त्या वर्षीही अळमी आली. मला खिडकीतून दिसत होती. दोन दिवसांनी ती काळी पडली. अण्णा त्या बाजूला फिरकले नाहीत आणि मलाही ती काढायचा धीर झाला नाही. शिगम्याच्या सुमाराला अण्णा गेले. तसं काही निमित्त नव्हतं, वय झालं होतं. शेवटच्या आठवड्यात मी त्यांच्या खाटेशी पुष्कळ बसले. सांगायचं वाक्य मी तयार केलं होतं, अगदी सोपं, चार शब्दांचं. त्यांना पाणी पाजलं, पाय चेपले, उशी सारखी केली. वाक्य राहिलं. मे महिन्यात नवऱ्याने कंपाऊंडची भिंत घालायला काढली. जेसीबीवाल्याने विचारलं, कोपरा सपाट करू? नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हटलं. का म्हटलं ते मलाच ठाऊक नाही. कदाचित दर श्रावणात ती रोयण पाहायची माझी तयारी नव्हती.

आज सकाळी जाळीवालीचा फोटो काढून मी साखळीच्या बाजारात गेले. रस्त्याच्या कडेला, वाळपईकडून आलेली एक बाई अळमी घेऊन बसली होती. पानांची पुडकी समोर, डोक्यावर प्लास्टिकची खोळ. "बाये, रोयणीचीं," म्हणाली, "आयज फांत्यार काढलींत." मी विचारलं, तू खाल्लीस का? ती माझ्याकडे बघतच राहिली. "खायनासतना तुका कशीं दिवंक?" म्हणाली.

घरी आणून मी पुडकं त्याच मेजावर उलगडलं. राखाडी छटेची, मधोमध टोक, लांब मूळ. तोच वास. मी फोन काढला. फोटो घेतला. लाल पट्टी आली. तेच नाव, तीच ओळ. जीवाला धोका. मी अळमं उलटं करून फोटो घेतला, खिडकीत नेऊन घेतला. तेच. सबंध सत्तरी तालुक्याची माणसं पिढ्यानपिढ्या जे खात आली ते फोनच्या लेखी विष होतं.

फोन चुकला होता, एवढं कळलं. अण्णा बरोबर होते की नाही ते मात्र कळलं नाही आणि आता कळणार नाही. ती अळमी काळं पाणी होऊन मातीत गेली, रोयण भिंतीखाली गेली, आणि ज्याने हात लावून सांगितलं होतं तोही गेला. मी तेव्हा मुलीला वाचवलं की बापाला मारलं, याचा निकाल लावायला आता पुरावाच शिल्लक नाही. रोज सकाळी परसात फोटो काढत हिंडते ती कशासाठी, ते आज माझं मलाच समजलं. कुठलं तरी एक नाव खरं निघावं आणि त्याच्याबरोबर माझंही काहीतरी सुटावं, अशी आशा होती. ती आशा आता नाही.

तोणाक केलं. आईचं होतं तसं, खोबरं बेताचं भाजून, लपवायचं काही नव्हतं म्हणून. एकटीने पाटावर बसून आधी खाल्लं. मग कदेलीवर जाऊन बसले. या पहाऱ्याला काही अर्थ नाही हे ठाऊक असूनही दिवेलागणीपर्यंत बसून राहिले. तन्वी आता पणजीला कॉलेजात जाते. ती सहाच्या बसने आली, भिजलेली, भुकेलेली. मी उठून तिला वाढलं. आजोबांच्या कदेलीवर मी बसले आहे हे तिने दारातूनच पाहिलं होतं. ती जेवू लागली. दोन घास झाल्यावर थांबली. डोळे भरून आले होते तिचे.

"बरें जालां गे," ती म्हणाली. "पूण आजोबांनी त्या वर्सा काढिल्लीं न्हय, परसांतलीं? तांची सर येना."

मी म्हटलं, "येना," आणि तिच्या ताटात आणखी एक पळी वाढली.